खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग बसले असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनांच्या देखभालीवर जो मजकूर छापून येतो, त्यात टायमिंग चेनच्या (क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्हच्या उघडझापीचा मेळ राखणाऱ्या साखळीच्या) कामाबद्दल एक वाक्य हटकून असते: ‘खुणा जुळवा, चेन चढवा, झाले.’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. त्यावर विसंबून केलेल्या कामात व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातो. बेल्टच्या इंजिनाबद्दल लोक सावध असतात, कारण बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलायचाच असतो. चेनला मात्र ‘इंजिनाच्या आयुष्याइतकी’ म्हणायची सवय पडली आहे. त्यामुळे ती हाताळायचा सराव कमी आणि गैरसमज जास्त. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक दाता चुकणे म्हणजे नेमके किती, ते पाहू. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचे) दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. म्हणून क्रँकच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) १८ दाते असतील तर कॅमच्या स्प्रॉकेटला ३६. एक दाता चुकला की कॅम १० अंशांनी सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने २० अंश. इंजिन सुरू होते, आयडलही धरते, पण ओढ नसते. कॅम मागे पडला असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो आणि सगळ्याच सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखेच कमी दिसते. एकाच सिलिंडरचे कमी असेल तर दोष व्हॉल्व्हचा, रिंगचा किंवा गॅस्केटचा असू शकतो. चारही एका मापाने खाली आले असतील तर पहिला संशय टायमिंगवर घ्यावा. दोन दाते म्हणजे ४० अंश. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे एवढ्या चुकीला बहुधा व्हॉल्व्ह वाकतोच.

आता मुख्य मुद्दा. चेनला दोन बाजू असतात, एक ओढाची आणि एक सैल. पुलीच्या बाजूने पाहताना इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल, आणि बहुतेक तसेच फिरतात, तर उजवीकडची बाजू ओढाची. क्रँक तिथून कॅमला खाली खेचतो. तिथे चेनला वाट दाखवणारा सरळ, न हलणारा गाइड असतो. डावीकडची बाजू सैल, म्हणून टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि त्याचा वाकलेला हात त्या बाजूला. टायमिंग ठरते ते ओढाच्या बाजूने. क्रँकच्या खुणेपासून कॅमच्या खुणेपर्यंत त्या बाजूला किती कड्या आहेत आणि त्या ताठ आहेत का, एवढ्यावर सगळे अवलंबून आहे. टेन्शनरच्या बाजूला कितीही ढील राहिली तरी टेन्शनर ती खाऊन टाकतो. ओढाच्या बाजूला राहिलेली ढील मात्र टेन्शनर बसताच पलीकडे ओढली जाते आणि कॅम आपल्या जागेवरून मागे सरकतो.

चेन चढवताना हे डोळ्यासमोर घडते. सुरुवात क्रँकच्या स्प्रॉकेटवरून करावी. तिथे कडी दात्यात बसल्यावर चेन सरळ गाइडला लावून वर घ्यावी आणि उजवीकडच्या कॅमवर चढवावी. कॅमच्या षटकोनी भागावर पाना लावून कॅम केसभर पुढे-मागे केला की कडी नेमक्या दात्यात ‘टक्’ करून बसते. ती बसताच पाना उलट्या दिशेने हलकेच दाबून धरावा आणि गाइड व चेन यांच्यामध्ये अंगठा घालून पाहावे. चेन दबत असेल तर एक दाता उरलेला आहे, खूण कितीही जुळलेली दिसो. दोन कॅम असतील तर तिथून वरच्या वर दुसऱ्या कॅमवर जावे. दोन कॅममधला तुकडाही ओढाचाच असतो, तोही ताठ हवा. उरलीसुरली सगळी ढील शेवटी डावीकडे, टेन्शनरच्या हातावर आली पाहिजे. उलट क्रमाने चढवलेल्या चेनमध्ये ढील नको तिथे अडकते आणि चढवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथेच ‘अर्धा दाता पुढे-मागे चालतो’ हा गैरसमज येतो. अर्धा दाता म्हणजे कॅमवर ५ अंश, क्रँकवर १० अंश. नव्या चेनमध्ये आणि धड स्प्रॉकेटमध्ये अर्ध्या दात्याचा फरक राहायचे कारणच नाही. हेड घासल्याने (त्याचा तळ मशीनवर सपाट केल्याने) फरक पडतो, असे सांगितले जाते. तोही हिशेब करून पाहावा. चेनची पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर, ८ मिलिमीटर, कॅमला ३६ दाते, म्हणजे स्प्रॉकेटचा पूर्ण घेर २८८ मिलिमीटर आणि कॅमचा एक अंश म्हणजे चेनचे ०.८ मिलिमीटर. हेड पाव मिलिमीटर घासले तर कॅम सुमारे ०.३ अंशांनी मागे पडतो, क्रँकवर ०.६ अंश. अर्ध्या दात्यासाठी चेन ४ मिलिमीटर सरकावी लागते. एवढे हेड कोणी घासत नाही. खूण अर्ध्या दात्यावर दिसत असेल तर एक तर ओढाच्या बाजूला ढील आहे, किंवा क्रँक टीडीसीवर (पिस्टन अगदी माथ्यावर असतो त्या जागी) नाही, किंवा चेन जुनीच परत चढवली आहे.

जुनी चेन ‘ताणली’ जाते म्हणजे लोखंड लांबत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि तिची बुश यांच्यात झीज होते. एका सांध्याची झीज डोळ्यांना दिसणारही नाही, पण सांधे शंभराहून अधिक असतात. ओढाच्या बाजूला ५० कड्या, म्हणजे ४०० मिलिमीटर चेन असेल आणि ती अर्धा टक्का लांबली असेल, तर ते २ मिलिमीटर झाले. कॅम अडीच अंश मागे, क्रँकच्या हिशेबाने ५ अंश. चेनच्या झिजेने कॅम नेहमी मागेच पडतो, पुढे कधी जात नाही. ऑइल वेळेवर न बदलणे, त्यात साचलेली काजळी आणि कमी पातळीवर गाडी चालवणे ही झिजेची मोठी कारणे. चेन नवी आणि स्प्रॉकेट जुने, हा अर्धवटपणा टाळलेला बरा. हुकासारखे वळलेले दाते नव्या चेनच्या कड्या वर उचलून धरतात आणि ती लवकर झिजते.

रंगीत कड्यांबद्दलही घोळ होतो. नव्या चेनला पिवळ्या, निळ्या किंवा तांब्याच्या रंगाच्या दोन-तीन कड्या असतात. त्या फक्त चढवतानाच्या मोजणीसाठी. इंजिन फिरवले की त्या खुणांपासून दूर जातात आणि बघणारा घाबरतो. १४२ कड्यांची चेन आणि १८ दात्यांचा क्रँक स्प्रॉकेट असेल, तर रंगीत कड्या पुन्हा त्याच खुणांवर यायला क्रँकचे १४२ फेरे लागतात. स्प्रॉकेटच्या स्वतःच्या खुणा मात्र दर दोन फेऱ्यांना जुळतात. तपासणी करायची ती त्यांची. उलट बाजूने, गाडीतून उतरवायच्या जुन्या चेनवर रंगीत कडी कुठे आहे यावरून टायमिंग चुकले होते की नाही, हे ठरवता येत नाही.

क्रँक टीडीसीवर आणताना स्पार्क प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून अंदाज घेणे ही सर्रास चालणारी पद्धत. जुजबी कामाला ती ठीक आहे, टायमिंगला नाही. माथ्याजवळ पिस्टन जवळजवळ थांबतो. ८४ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून ५ अंश हलला तरी पिस्टन सुमारे ०.२ मिलिमीटरच खाली जातो. हाताला ते कळणे शक्य नाही. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) लावावा. इंजिन फिरण्याच्या दिशेनेच फिरवत पिस्टन माथ्यापासून १ मिलिमीटर खाली असताना पुलीवरच्या डिग्री चकतीचा आकडा टिपावा, मग माथा ओलांडून पलीकडे १ मिलिमीटर खाली आल्यावर दुसरा. समजा ३५० आणि १२ आले, तर मध्य ३६१, म्हणजे खरा टीडीसी चकतीवरच्या १ अंशावर. पुलीवरच्या मूळ खुणेवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये. रबर बसवलेल्या पुलीत बाहेरचे कडे आतल्यावर घसरते आणि खूण भलतीकडे जाते.

शिवाय टीडीसी कुठला, हाही प्रश्न आहे. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. क्रँक दोन्ही वेळा सारखाच दिसतो. कॅमच्या नाकांवरून ओळखावे. कॉम्प्रेशनला त्या सिलिंडरची नाके व्हॉल्व्हकडे पाठ करून असतात. दोन्ही व्हॉल्व्ह किंचित दबलेले असतील तर तो ओव्हरलॅप. आणि सगळ्याच इंजिनांत खुणा टीडीसीवर नसतात. पीएसए (प्यूजो-सित्रोएन) आणि बीएमडब्ल्यू यांनी मिळून केलेल्या प्रिन्स मालिकेच्या इंजिनात फ्लायव्हीलला जागा पक्की करणारी पिन लागते तेव्हा चारही पिस्टन मध्यावर, एका पातळीत असतात. तिथे सवयीने टीडीसी शोधणारा ९० अंशांनी चुकतो. त्या इंजिनाचे मॅन्युअल समोर नसेल तर काम सुरूच करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चेन निघालेली असताना कॅम मोकळा फिरवायची पाळी आली तर आधी क्रँक ४५ ते ६० अंश फिरवून सगळे पिस्टन माथ्यापासून खाली घ्यावेत. स्प्रिंगचा दाब सुटला की कॅम स्वतःहून उडी मारतो, आणि वर पिस्टन असेल तर त्या एका उडीत व्हॉल्व्ह जातो. कॅम जागेवर आल्यावर क्रँक त्याच वाटेने मागे खुणेवर आणावा, उलट बाजूने पूर्ण फेरा घालून नव्हे.

आता चावी नसलेले स्प्रॉकेट. जुन्या इंजिनांत क्रँकवर चावी, म्हणजे स्प्रॉकेटला एकाच जागी अडकवणारा लोखंडी तुकडा, असे; स्प्रॉकेट दुसऱ्या कोनात बसूच शकत नसे. फोर्डच्या ड्युराटेक एचई आणि माझदाच्या एल मालिकेतील इंजिनांत क्रँकवर ती चावी नाही. स्प्रॉकेट आणि पुली केवळ पुढच्या बोल्टच्या दाबाने धरलेली असतात. अशा इंजिनात तो बोल्ट ढिला केला की टायमिंग गेले, मग चेनला हात लावलेला असो वा नसो. पुढचे ऑइल सील बदलायला म्हणून पुली काढली आणि इंजिन बिघडले, असे यामुळेच होते. क्रँकला जागेची पिन आणि कॅमच्या मागच्या खाचेत जागेची पट्टी लावूनच तो बोल्ट सोडायचा, आणि परत बसवताना नवा बोल्ट घ्यायचा. तो आधी ठरावीक न्यूटन-मीटरला आणि मग ठरावीक अंश पुढे आवळतात. त्यात तो ताणला जातो, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही.

पिन आणि पट्टी ही जागा दाखवण्यासाठी असतात, जोर पेलण्यासाठी नव्हे. हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच. कॅमचा बोल्ट आवळताना कॅम त्याच्या षटकोनी भागावर पान्याने धरावा. पट्टीवर जोर दिला की खाच चेपते, कॅम एक-दोन अंश पिळला जातो आणि पट्टी काढल्यावर तो आपल्या जागी परत येतो. सगळे बरोबर करून टायमिंग चुकले, अशी तक्रार ऐकू येते ती बहुतेक इथली असते.

ज्या इंजिनात कॅमच्या टोकाला व्हीव्हीटीचा फेजर (इंजिन चालू असताना कॅमचा कोन बदलणारा भाग) असतो, तिथे तो कुलूप लागलेल्या स्थितीत आहे ना, ते चेन चढवण्यापूर्वी हाताने पिळून पाहावे. बहुतेक इंजिनांत इनटेकचा फेजर पूर्ण मागे आणि एक्झॉस्टचा पूर्ण पुढे असताना आतली पिन लागते. पिन सुटलेली असेल तर बाहेरचे दाते आणि आतला कॅम यांच्यात कितीतरी अंशांचा खेळ असतो, आणि बाहेरची खूण जुळून काहीच साधत नाही.

टेन्शनरवर थोडे थांबू, कारण सर्वात जास्त नुकसान या बोटभर वस्तूमुळे होते. बहुतेक टेन्शनरांत ऑइलचा दाब प्लंजर बाहेर ढकलतो आणि दातेरी खिट्टी त्याला मागे येऊ देत नाही. बसवण्यापूर्वी खिट्टी उचलून प्लंजर सावकाश आत दाबायचा. जोराने दाबला तर आतले ऑइल वाट न मिळून अडते आणि खिट्टीचे दाते तुटतात. पूर्ण आत गेल्यावर अंगावरच्या बारीक भोकात दीड-दोन मिलिमीटरची तार किंवा पिन घालायची. टेन्शनर बोल्टने बसला, हात चेनला टेकला, की ती पिन उपसायची. काही टेन्शनरांत पिन नसते, बसवल्यावर हात एकदा टेन्शनरकडे दाबून सोडला की खिट्टी सुटते. पिन तशीच राहिली तर कव्हर बंद होईपर्यंत काहीही चूक दिसत नाही. इंजिन सुरू होताच चेन कव्हरला घासत खडखडते आणि दाते ओलांडते. टेन्शनरमागचे गॅस्केट उलटे बसले की ऑइलचे भोक झाकले जाते. परिणाम तोच, फक्त थोडा उशिरा.

जुने प्लास्टिकचे गाइड तुटलेले निघाले तर सगळे तुकडे जुळवून पाहावेत. एखादा तुकडा कमी असेल तर तो ऑइल चेंबरमध्ये, पंपाच्या जाळीवर आहे असे समजून चेंबर उतरवावाच. जाळी तुंबली की दाब कमी, दाब कमी की नवा टेन्शनरही ढिला.

कव्हर लावण्याआधी सगळे स्पार्क प्लग काढलेले असताना, मोठ्या सॉकेटने, इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हाताने द्यावेत. उलटे फिरवू नये. उलटे फिरवताना ओढ टेन्शनरच्या बाजूला जाते, ऑइलशिवायचा टेन्शनर दबतो आणि चेन दाता ओलांडू शकते. प्लग काढलेले असल्याने कॉम्प्रेशनचा मऊ अटकाव नसतो. त्यामुळे हाताला जे काही अडेल ते लोखंडाला लोखंड लागल्याचे अडणे असते. अडले की तिथेच थांबावे, पान्याला नळी लावून जोर देऊ नये. दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅमच्या खुणा पुन्हा पाहाव्यात, जिथे पिन-पट्टी आहे तिथे ती हलक्या हाताने सहज बसते का पाहावे. ठोकावी लागली तर काम पुन्हा. या पाच मिनिटांना मेकॅनिकने आणि गाडीच्या मालकानेही कंटाळू नये. आपल्या पानावर या विषयावर जेव्हा काही छापाल तेव्हा निदान हे दोन फेरे त्यात यावेत, एवढी विनंती आहे.

ज्यांना खुणांवर समाधान नाही, आणि घासलेले हेड किंवा बाहेरून बनवलेला कॅम बसवताना ते नसलेलेच बरे, त्यांनी इनटेक व्हॉल्व्हच्या उचलीचा मध्य काढावा. डायल गेज टॅपेटवर उभा धरावा. पूर्ण उचलीच्या आधी, ती एका ठरावीक मापाने कमी असताना टीडीसीनंतरचे अंश टिपावेत, मग माथा ओलांडून तेवढेच कमी झाल्यावर पुन्हा. ७२ आणि १४८ आले तर मध्य ११०. कॅमच्या कागदावर १०६ लिहिले असेल तर कॅम क्रँकच्या हिशेबाने ४ अंश मागे आहे. असा कॅम पुढे घेताना इनटेक व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर कमी होते, तेव्हा ते मातीचा गोळा किंवा हलकी स्प्रिंग लावून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक शब्द कोडबद्दल. गाडीच्या संगणकात पी००१६ हा दोषाचा कोड दिसला की चेन बदलून टाकायची, हा उपाय महागात पडतो. क्रँक आणि कॅम यांचा मेळ नाही, एवढेच तो कोड सांगतो. अडकलेला ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, चुकीच्या जाडीचे ऑइल, सैल कनेक्टर किंवा सेन्सरचे वाकलेले चक्र यांनीही तो येतो. आधी टेन्शनर किती बाहेर आला आहे ते पाहावे. कित्येक इंजिनांत एक छोटे झाकण काढून प्लंजरच्या बाहेर आलेल्या खाचा मोजता येतात.

सगळे बंद झाल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन पेटवू नये. इंजेक्टरचा फ्यूज काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे, म्हणजे टेन्शनर भरतो. मग फ्यूज लावून सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद हलकी खडखड येऊ शकते. पाच सेकंदांनंतरही ती चालू असेल तर इंजिन बंद करून कव्हर पुन्हा उघडावे, ‘गरम झाल्यावर जाईल’ म्हणून चालवत ठेवू नये. सीलंट लावलेल्या कव्हरला डब्यावर लिहिलेला वेळ सुकायला द्यावा, मग ऑइल भरावे. घाईत भरलेले ऑइल ओल्या सीलंटमधून वाट काढते आणि त्याच कव्हरसाठी पुली पुन्हा उतरवावी लागते.

आपले नम्र,
इंजिनाच्या कामातले काही वाचक